विश्लेषण : हाडाच्या आतले सोनोग्राफीला दिसत नाही, मग तिच्या मदतीने हाडाची बायोप्सी कशी होते?

बुटीबोरीच्या औद्योगिक वसाहतीत वेल्डिंगचे किंवा बॉयलरचे काम करणाऱ्यांना ‘यूटी’ हा शब्द नवा नाही. यूटी म्हणजे अल्ट्रासॉनिक टेस्टिंग. जोडावर छोटे उपकरण टेकवायचे, आत ध्वनिलहरी सोडायच्या आणि परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून पोलादात कुठे तडा आहे का, हे ओळखायचे. दवाखान्यातले सोनोग्राफी यंत्रही याच तत्त्वावर चालते. पोटाची किंवा गर्भाची तपासणी एवढीच त्याची ओळख अनेकांना असते. हाडातील गाठीचा तुकडा तपासणीसाठी काढतानाही ते वापरले जाते, हे फारसे माहीत नसते. गुडघ्याजवळची सूज उतरत नाही, रात्री दुखण्याने झोप लागत नाही आणि एक्स-रे पाहून डॉक्टर ‘बायोप्सी करावी लागेल’ म्हणतात, तेव्हा घरातले सगळेच घाबरतात. सुई लावली तर गाठ पसरेल का? सोनोग्राफी पुरेशी आहे की सीटी स्कॅनच हवा? जवळच्या दवाखान्यात करून घ्यावी की नागपूर गाठावे? यांतल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर चुकले, तर वाचू शकणारा पायही गमवावा लागू शकतो. म्हणून हा विषय नीट समजून घ्यायला हवा.

हाडाची बायोप्सी कशासाठी?

एक्स-रेमध्ये हाडाचा काही भाग पोखरल्यासारखा दिसतो. तो कशामुळे पोखरला गेला, हे मात्र एक्स-रे दरवेळी सांगू शकत नाही. दहा ते वीस वर्षे वयात गुडघ्याच्या आसपास ऑस्टिओसार्कोमा हा हाडाचा कर्करोग होऊ शकतो. वीस ते चाळीस या वयात त्याच भागात ‘जायंट सेल ट्यूमर’ आढळतो. तो बहुतेकदा कर्करोग नसतो, पण हाड पोखरतो. पन्नाशीनंतर स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस, मूत्रपिंड किंवा थायरॉइडचा कर्करोग हाडात उतरलेला असू शकतो किंवा मायलोमा हा रक्तपेशींचा कर्करोग असू शकतो. आणि कोणत्याही वयात हाडाचा क्षयरोग या साऱ्यांची हुबेहूब नक्कल करू शकतो.

या प्रत्येकाचा उपचार वेगळा आहे. क्षयरोगावर साधारण वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ गोळ्या घ्याव्या लागतात. ऑस्टिओसार्कोमात आधी केमोथेरपी, मग शस्त्रक्रिया आणि पुन्हा केमोथेरपी असा क्रम असतो. जायंट सेल ट्यूमर बऱ्याचदा खरवडून काढता येतो. मायलोमात मुख्य भर औषधांवर असतो. त्यामुळे नेमके निदान झाल्याशिवाय उपचार सुरू करणे म्हणजे अंधारात दगड मारणे. गाठीचा छोटा तुकडा काढून तो सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे म्हणजेच बायोप्सी. अर्थात, हाडातील प्रत्येक डागाला सुई लावायची नसते. वाढत्या वयातील मुलांमध्ये आढळणाऱ्या काही निरुपद्रवी गाठी अनुभवी डॉक्टर एक्स-रेवरूनच ओळखतात आणि फक्त लक्ष ठेवायला सांगतात.

सोनोग्राफीला हाडाच्या आतले का दिसत नाही?

सोनोग्राफीच्या लहरी शरीरातील मऊ भागांतून सेकंदाला साधारण १५४० मीटर वेगाने जातात. स्नायू, चरबी, यकृत यांच्या घनतेत फारसा फरक नसल्याने लहरी पुढे सरकत राहतात आणि प्रत्येक सीमेवरून थोडा थोडा प्रतिध्वनी परत येतो. त्यातून पडद्यावर चित्र तयार होते. हाडाचे बाहेरचे कवच मात्र कठीण आणि दाट असते. तिथे पोहोचताच लहरींचा मोठा हिस्सा उलटा फिरतो आणि उरलेला कवचातच शोषला जातो. त्यामुळे पडद्यावर हाडाचा पृष्ठभाग पांढऱ्या लखलखीत रेषेसारखा दिसतो आणि त्याच्या मागे काळी सावली पडते. रेषेपलीकडे काय आहे ते कळत नाही.

या तंत्राचा वैद्यकीय इतिहासही एका कारखान्यातून जातो. १९५५ मध्ये ग्लासगो येथील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयान डोनाल्ड यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीतून रेनफ्रू गावातील बॅबकॉक अँड विल्कॉक्स या बॉयलर कंपनीच्या कारखान्यात नेल्या. तिथे धातूतील दोष शोधणाऱ्या यंत्राने त्या तपासल्या. पाण्याने भरलेली गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे येतात, हे त्यांना दिसले. त्यानंतर १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि सहकाऱ्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला आणि सोनोग्राफीने रुग्णालयांत पाय रोवले. पोट आणि गर्भाच्या तपासणीत तिचा झपाट्याने प्रसार झाला. हाडाच्या बाबतीत मात्र ‘आत दिसत नाही’ या कारणाने ती बराच काळ बाजूला राहिली.

मग हाडातली गाठ दिसते कशी?

इथेच ‘तडा’ उपयोगी पडतो. हाडातील बऱ्याच आक्रमक गाठी आतल्या आत बसून राहत नाहीत. त्या कवच पातळ करतात, त्याला भोक पाडतात आणि बाहेरच्या स्नायूंमध्ये वाढू लागतात. कवच तुटले की ध्वनिलहरींना आत जायला खिडकी मिळते. हाडाबाहेर आलेला मांसल भाग तर सोनोग्राफीत स्नायूतील गाठीइतका स्पष्ट दिसतो. पडद्यावर पांढरी रेषा जिथे तुटते, तिथून गाठ बाहेर आल्याचे डॉक्टरांना दिसते आणि सुईचे लक्ष्य ठरते.

शिवाय गाठीचा हाच बाहेरचा भाग बहुधा जिवंत, वाढणाऱ्या पेशींचा असतो. मधला भाग अनेकदा कुजलेला किंवा रक्ताने भरलेला असतो. तिथला तुकडा घेतला तर पॅथॉलॉजिस्टच्या हाती काही लागत नाही. सोनोग्राफीतील डॉप्लर सुविधेमुळे कुठे रक्तपुरवठा आहे, म्हणजे कुठला भाग जिवंत आहे, हे सुई घालण्यापूर्वीच पाहता येते. जवळून जाणारी मोठी रक्तवाहिनीही त्यातच दिसते आणि सुई तिच्यापासून दूर ठेवता येते.

म्हणजेच सोनोग्राफी हाडाच्या आत पाहते असे नाही. हाड जिथे फुटले आहे, तिथून ती काम करते. कोणत्या रुग्णाला ती उपयोगी आणि कोणाला नाही, हे याच एका गोष्टीवर ठरते.

प्रत्यक्षात प्रक्रिया कशी होते?

बायोप्सीपूर्वी एक्स-रे आणि शक्यतो एमआरआय झालेला असावा. सुई टोचल्यावर आत थोडे रक्त साचते, सूज येते आणि नंतर काढलेल्या एमआरआयमध्ये गाठीची खरी हद्द ओळखणे अवघड जाते. म्हणून आधी एमआरआय, मग सुई हा क्रम पाळायचा. रक्त गोठण्याची चाचणी आणि प्लेटलेटची संख्या पाहिली जाते. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफेरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधे सुरू असतील तर ती डॉक्टरांना आधीच सांगायची. ती स्वतःहून बंद करायची नाहीत.

मोठ्या माणसांत बहुतेकदा फक्त जागा बधिर करण्याचे इंजेक्शन पुरते. लहान मुलांना गुंगीचे औषध द्यावे लागते. त्वचा निर्जंतुक करून सोनोग्राफीच्या प्रोबवर निर्जंतुक आवरण चढवतात. काही मिलिमीटरचा छेद देऊन सुई आत सरकवली जाते आणि ती पडद्यावर चमकदार रेषेसारखी पुढे जाताना दिसते. गाठीत पोहोचल्यावर स्प्रिंग असलेल्या सुईने एक-दोन सेंटिमीटर लांबीचे बारीक धाग्यासारखे तुकडे काढले जातात. त्या वेळी ‘टक्’ असा आवाज होतो. रुग्णाला तो आधी ऐकवला तर तो दचकत नाही. साधारणपणे तीन ते सहा तुकडे घेतले जातात. अर्ध्या-पाऊण तासात काम संपते. त्यानंतर जागेवर दाब देऊन पट्टी बांधतात आणि काही तास लक्ष ठेवून बहुतेकांना त्याच दिवशी घरी सोडतात. मांडीचे किंवा पायाचे हाड खूप पोखरले असेल तर ते अचानक मोडू शकते. त्यामुळे पायावर भार देण्याबाबत डॉक्टरांनी दिलेली सूचना काटेकोर पाळावी लागते.

सीटी स्कॅनच्या तुलनेत काय मिळते आणि काय मिळत नाही?

हाडाच्या बायोप्सीसाठी सीटी स्कॅनचा आधार घेण्याची पद्धत जुनी आणि भरवशाची आहे. सीटीमध्ये हाडाच्या आतले दिसते. मात्र सुई पुढे सरकवायची, थांबायचे, पुन्हा स्कॅन करून ती कुठे आहे ते पाहायचे, असे टप्पे त्यात असतात. क्ष-किरणांचा मारा होतो आणि तो मुलांच्या बाबतीत टाळता आला तर बरे असते. शिवाय यंत्र महाग असल्याने गर्दीच्या सरकारी रुग्णालयात तारीख मिळायला वेळ लागतो.

सोनोग्राफीत सुई सतत नजरेसमोर असते. क्ष-किरण नसतात. यंत्र रुग्णाच्या खाटेजवळ नेता येते आणि खर्चही कमी येतो. बरगडी, उरोस्थी, गळ्याजवळचे हाड, खांद्याचे पाते, कमरेच्या हाडाची कड, नडगी अशा त्वचेलगतच्या हाडांसाठी ती विशेष सोयीची ठरते. बरगडीच्या बायोप्सीत तर श्वासाबरोबर हलणारे फुप्फुस पडद्यावर दिसत असल्याने सुई तिथवर जाऊ न देणे सोपे होते.

आणखी एक फायदा प्रयोगशाळेत दिसतो. हाडाचा कठीण तुकडा कापण्याआधी आम्लात ठेवून मऊ करावा लागतो. त्यात काही दिवस जातात आणि पेशींमधील डीएनएचे नुकसानही होऊ शकते. मांसल भागाचा तुकडा मिळाला तर हा टप्पा लागत नाही. अहवाल लवकर येतो आणि जनुकीय चाचण्यांसाठी नमुना चांगला राहतो. युइंग सार्कोमासारख्या मुलांमधील कर्करोगात अशा चाचण्यांची गरज पडते.

मर्यादाही तितक्याच स्पष्ट आहेत. कवच शाबूत असेल, गाठ पूर्णपणे हाडाच्या आत असेल, मणक्यात किंवा ओटीपोटाच्या खोल भागात असेल तर सोनोग्राफी फारशी कामाची नाही. तिथे सीटी किंवा शस्त्रक्रियागृहातील सी-आर्म यंत्राची मदत घेऊन हाडात शिरणारी जाड सुई वापरावी लागते. म्हणून डॉक्टरांनी सीटीचा आग्रह धरला, तर तो पैशांसाठीच आहे असे समजण्याचे कारण नाही. उलट सोनोग्राफीवर काम होईल असे म्हटले, तर ती दुय्यम दर्जाची तपासणी ठरत नाही. कुठली पद्धत हे गाठीची जागा ठरवते.

सुई लावल्याने कर्करोग पसरतो का?

ही भीती गावोगाव आहे आणि तिच्यापायी अनेक रुग्ण महिनोन्महिने मालिश, लेप आणि हाडवैद्याच्या पट्ट्यांवर काढतात. खरी गोष्ट अशी की, सुईच्या मार्गात गाठीच्या काही पेशी राहून जाण्याची शक्यता असते, पण ती कमी असते. बायोप्सी न करता गेलेले महिने त्याहून कितीतरी घातक ठरतात, कारण तेवढ्या काळात गाठ वाढते आणि ती फुप्फुसापर्यंत पोहोचू शकते.

मात्र डॉक्टर हा धोका शून्य मानत नाहीत. ते त्याची आधीच तजवीज करतात. हाडाचा कर्करोग निघाला तर पुढच्या शस्त्रक्रियेत सुईचा मार्गही गाठीसोबत कापून काढण्याची पद्धत आहे. त्यासाठी सुई अशा जागेतून जायला हवी, जिथून पुढे शस्त्रक्रियेचा छेद जाणार आहे. ती स्नायूंच्या एकाच कप्प्यातून जावी, सांध्याच्या पोकळीत शिरू नये, मुख्य रक्तवाहिनी आणि नस यांच्यापासून दूर राहावी, असे नियम आहेत. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला असलेल्या गाठीसाठी सुई गुडघ्याच्या सांध्यातून घातली, तर सांधाही दूषित झाल्याचे मानावे लागते. मग गाठीपुरते हाड काढून कृत्रिम सांधा बसवणे अवघड होते.

म्हणून गाठीपर्यंतचा सर्वांत जवळचा रस्ता नेहमीच सर्वांत चांगला नसतो. सोनोग्राफीत गाठ त्वचेपासून दोन सेंटिमीटरवर दिसत असली, तरी सुई कुठून घालायची हे पुढची शस्त्रक्रिया करणाऱ्या अस्थिरोग शल्यविशारदाशी बोलूनच ठरवायचे असते.

चुकीच्या जागी बायोप्सी झाली तर किती नुकसान होते?

याचे उत्तर चार दशकांपूर्वीच मिळाले आहे. अमेरिकेतील शल्यविशारद हेन्री मॅन्किन आणि सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये हाडांच्या व मऊ भागांच्या कर्करोगाच्या ३२९ रुग्णांच्या नोंदी तपासल्या. त्यांपैकी ६० जणांच्या, म्हणजे १८ टक्क्यांहून अधिक रुग्णांच्या, निदानात मोठी चूक झाली होती. १५ रुग्णांचा अवयव केवळ बायोप्सीतील चुकांमुळे कापावा लागला होता. बायोप्सी शेवटचा उपचार करणाऱ्या केंद्राऐवजी आधीच्या रुग्णालयात झाली असेल, तर अशा अडचणी कितीतरी पट अधिक होत्या. १९९६ मध्ये त्यांनी ५९७ रुग्णांचा दुसरा अभ्यास प्रसिद्ध केला. चित्र फारसे बदलले नव्हते. १८ रुग्णांना टाळता आली असती अशी अवयवच्छेदनाची शस्त्रक्रिया करावी लागली होती.

हे अभ्यास अमेरिकेतले आहेत आणि त्या काळात चिरा देऊन करण्याच्या बायोप्सीचे प्रमाण बरेच होते. सुईची बायोप्सी त्या मानाने सुरक्षित आहे. तरी त्यातून निघालेला नियम जगभर मान्य झाला आहे. हाडाच्या संशयास्पद गाठीची बायोप्सी जिथे पुढचा उपचार होणार, तिथेच किंवा तिथल्या डॉक्टरांच्या सल्ल्याने करायची. गावातल्या छोट्या दवाखान्यात ‘गाठ आहे, चिरून पाहू’ असे कोणी म्हटले, तर तिथे थांबायला हवे. विशेषतः हाताच्या किंवा पायाच्या आडव्या दिशेने दिलेला छेद नंतरच्या शस्त्रक्रियेत मोठी अडचण करतो.

विदर्भात नमुना दोन बाटल्यांत का हवा?

काढलेला तुकडा पॅथॉलॉजीसाठी फॉर्मेलिनच्या बाटलीत टाकतात. त्यात पेशी टिकून राहतात, पण जंतू मरतात. सगळा नमुना फॉर्मेलिनमध्ये गेला, तर क्षयरोगाच्या किंवा इतर जंतूंच्या वाढीची तपासणी होऊच शकत नाही आणि रुग्णाला पुन्हा सुई टोचून घ्यावी लागते. म्हणून एक हिस्सा फॉर्मेलिनमध्ये आणि एक हिस्सा निर्जंतुक सलाइनमध्ये, अशा दोन बाटल्या हव्यात. सलाइनमधील नमुन्यावर सीबीनॅट चाचणी केली, तर क्षयाचे जंतू आहेत का आणि ते रिफाम्पिसिन या औषधाला दाद देतात का, हे यंत्रावर सुमारे दोन तासांत कळते. जंतुवाढीचा अंतिम अहवाल यायला मात्र सहा आठवड्यांपर्यंत वेळ लागू शकतो.

विदर्भात याला आणखी एक पदर आहे, तो सिकलसेलचा. नागपूरसह पूर्व विदर्भात या आनुवंशिक आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आहेत. या रुग्णांत हाडाचा रक्तपुरवठा अडून हाडाचा भाग मरतो आणि तीव्र वेदना होतात. त्यांच्या हाडांत जंतुसंसर्गही सहज होतो आणि त्यात साल्मोनेला जंतूचा मोठा वाटा असतो. दोन्हींत ताप, सूज, वेदना अशी लक्षणे सारखीच असतात. अशा वेळी सोनोग्राफीत हाडाच्या आवरणाखाली पू साचलेला दिसला, तर त्याच यंत्राच्या मदतीने सुईने तो काढून तपासता येतो. त्यामुळे घरात कुणाला सिकलसेल असेल, तर बायोप्सीपूर्वी ते डॉक्टरांना आवर्जून सांगायला हवे. भूल किंवा गुंगी देतानाही ही माहिती महत्त्वाची असते.

बुटीबोरीच्या रुग्णाने कुठे जावे?

समजा, एमआयडीसीतील एका कामगाराच्या पंधरा वर्षांच्या मुलाचा गुडघा दोन महिन्यांपासून दुखतो आहे. खेळताना लागले असेल म्हणून आईने तेल लावून पाहिले. दुखणे रात्री वाढते, सूज वाढते आहे. त्याचा पहिला एक्स-रे बुटीबोरीत सहज निघू शकतो आणि तो लगेच काढायला हवा. त्यात हाड पोखरल्याचे दिसले, तर मात्र पुढचा टप्पा मोठ्या केंद्रातच व्हावा.

या बाबतीत बुटीबोरीचे स्थान सोयीचे आहे. नागपूरकडे वर्धा मार्गाने निघाले की जामठ्याला राष्ट्रीय कर्करोग संस्था आणि पुढे मिहानमध्ये ‘एम्स’ लागते. एम्सचे लोकार्पण ११ डिसेंबर २०२२ रोजी झाले. शहरात ‘मेडिकल’ म्हणून ओळखले जाणारे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय आहे. उलट दिशेने वर्ध्याकडे गेले तर सेवाग्राम आणि सावंगीची वैद्यकीय महाविद्यालये आहेत. वैद्यकीय महाविद्यालयांत अस्थिरोग, रेडिओलॉजी आणि पॅथॉलॉजी हे तिन्ही विभाग एका आवारात असतात. हाडाच्या गाठीचे निदान या तिघांनी एकत्र बसून करायचे असते. केवळ सूक्ष्मदर्शकाखालचे चित्र पाहून, एक्स-रे न बघता दिलेला अहवाल हाडाच्या बाबतीत फसवा ठरू शकतो.

कारखान्यात ईएसआयसीची कपात होत असेल तर कामगारासोबत त्याच्या कुटुंबालाही उपचाराचा हक्क आहे. जानेवारी २०१७ पासून या योजनेची वेतनमर्यादा दरमहा २१ हजार रुपये झाली. मोठ्या रुग्णालयात जाण्यापूर्वी ईएसआय दवाखान्यातून संदर्भपत्र घ्यावे, नाहीतर नंतर बिलाचा प्रश्न उभा राहतो. कंत्राटी कामगारांनी आपली नोंदणी खरोखर झाली आहे का, हे तपासून पाहावे. ज्यांना ईएसआयसी नाही, त्यांनी महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेबाबत रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे चौकशी करावी. बायोप्सीचा खर्च योजनेत येतो की निदानानंतरचाच उपचार, हे आधीच विचारून घ्यावे.

सोनोग्राफी यंत्र कुठेही नेऊन ही बायोप्सी करता येईल का?

नाही. गर्भलिंग निदान रोखण्यासाठी महाराष्ट्राने १९८८ मध्ये कायदा केला. असा कायदा करणारे ते देशातील पहिले राज्य. त्यानंतर १९९४ चा केंद्रीय कायदा आला आणि २००३ मध्ये तो सुधारित स्वरूपात लागू झाला. त्यानुसार प्रत्येक सोनोग्राफी केंद्राची आणि यंत्राची नोंदणी बंधनकारक आहे. हाताळायला सोपे असलेले छोटे यंत्रही नोंदणीकृत जागेबाहेर हवे तसे नेता येत नाही. हाडाच्या बायोप्सीसाठी वापरले जाणारे यंत्रही त्याला अपवाद नाही. त्यामुळे ‘यंत्र घेऊन घरी येतो’ किंवा ‘शिबिरात करून देतो’ असे कोणी सांगत असेल, तर नकार द्यावा. निर्जंतुक जागा आणि रक्तस्राव झाल्यास लागणारी व्यवस्था या कारणांसाठीही ही प्रक्रिया रुग्णालयातच व्हायला हवी.

अहवालात ‘काही सापडले नाही’ असे आले तर?

मांसल तुकड्याचा प्राथमिक अहवाल साधारण आठवडाभरात येतो. विशेष रंगद्रव्यांच्या चाचण्या लागल्या तर आणखी काही दिवस जातात. अहवालात ‘निदानास पुरेसा नमुना नाही’ असे लिहिले असेल, तर त्याचा अर्थ कर्करोग नाही असा होत नाही. सुई कुजलेल्या किंवा रक्ताळलेल्या भागात गेली असण्याची शक्यता असते. एक्स-रे आणि एमआरआय संशयास्पद असतील आणि अहवाल मात्र निर्धोक असेल, तर डॉक्टर बायोप्सी पुन्हा करायला सांगतात. अशा वेळी रुग्णालय बदलून नव्याने सुरुवात करण्यापेक्षा पहिल्या तपासणीचे सर्व कागद, एक्स-रे, एमआरआयची सीडी, काचेच्या स्लाइड आणि पॅराफिनचे ठोकळे सोबत घेऊन दुसरे मत घ्यावे. स्लाइड आणि ठोकळे दुसऱ्या मतासाठी मागता येतात. लेखी अर्ज करून ते घ्यावेत आणि जपून ठेवावेत.

डॉक्टरांना कोणते प्रश्न विचारावेत?

दुखणे रात्री वाढते, विश्रांतीने कमी होत नाही, सूज दोन-तीन आठवड्यांत उतरत नाही, किरकोळ धक्क्याने हाड मोडले आहे किंवा आधी कर्करोग झालेल्या व्यक्तीचे हाड दुखू लागले आहे, अशा वेळी मालिश थांबवून एक्स-रे काढावा. दुखऱ्या भागावर जोरात चोळणे किंवा पट्टा आवळणे टाळावे.

बायोप्सी सुचवली गेली, तर चार प्रश्न पुरेसे आहेत. एमआरआय आधी झाला आहे का? गाठ हाडाबाहेर आली आहे का, म्हणजे सोनोग्राफीवर काम होईल की सीटी लागेल? सुई कुठून घालायची हे पुढची शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांशी बोलून ठरले आहे का? आणि नमुना फॉर्मेलिनसोबत सलाइनमध्येही पाठवणार आहात का? या चारही प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली, तर निर्धास्तपणे संमतिपत्रावर सही करावी. न मिळाल्यास आणखी अर्ध्या तासाचा प्रवास करून मोठ्या रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात नाव नोंदवावे.